रकाना

टोलीडोच्या शाळेत, समुपदेशकाच्या अरुंद खोलीत
मिसेस कोवाल्स्की पडद्यावर ठिपके दाखवतात.
हिरवा म्हणजे प्रवेश मिळाला, लाल म्हणजे नाही.
दोन्हींच्या गर्दीत एकच निळा,
तो माझी मुलगी.
"शक्यता अठरा टक्के," त्या म्हणतात,
आणि लगेच, दिलासा म्हणून, "साधारण."

उत्पला विचारते,
वंशाच्या रकान्यात 'एशियन' लिहिलं तर घटते का?
बाई पेन्सिल फिरवत राहतात बोटांत.
आता तो रकाना कुणी बघत नाही, म्हणतात,
कोर्टानेच सांगितलंय.
मग ठेवलाय कशाला, हे मी विचारत नाही.
रकाने मी ओळखतो.
ते न बघताही दिसतात.

परतताना गाडीचा हीटर धापा टाकतो.
ती हिशेब मांडते:
मारिसोलला पंचवीस, तिची आई हॉटेलात खोल्या आवरते.
ग्रेसनचे आजोबा तिथेच शिकले,
त्याला टक्के कुणी विचारतच नाही.
"आणि आपण, बाबा? आपण मायनॉरिटी ना?
की जास्त झालेली मायनॉरिटी?"

सप्टेंबरात, गणपतीच्या पॉटलकला, देवस्थळी
वड्याला चटणी लावत म्हणाले होते,
"आपल्या पोरांनी मरमर करायची, आणि त्यांना सगळं आयतं.
तिकडून ह्यालाच कंटाळून आलो, तर इथेही तेच."
मी मान हलवली.
होय, हलवली.
हो म्हणून की नाही म्हणून, ते मानेलाच ठाऊक.

अमरावती, एक्याण्णव साल.
फळ्यावर चिकटवलेली यादी, खळ अजून ओली.
माझं नाव, गुण, आणि पुढे दोन अक्षरं: अ. जा.
खुल्या यादीतल्या शेवटच्या मुलापेक्षा
मला तीन गुण जास्त होते.
त्या दिवशी मोजले,
आणि मग चार वर्षं मोजत राहिलो,
मेसच्या रांगेत, जर्नलवर सही घेताना,
कुणी "तुमचं काय बुवा" म्हणालं की.
तीन. कुणाला दाखवणार?
आणि जास्त नसते, चांगले तीस कमी असते,
तरी त्या दाराशी उभं राहायचा माझा हक्क
तसूभरही कमी नव्हता,
हे कळायला मला समुद्र ओलांडावा लागला.

हे सगळं मी तिला सांगितलं.
सिग्नल लाल असताना सुरू केलं,
गॅरेजमध्ये, इंजिन बंद झाल्यावर संपवलं.
सतरा वर्षांत तिने कधी आडनावाबद्दल विचारलं नव्हतं
आणि मी, न विचारलेलं सांगणाऱ्यांतला नव्हे.

ती बराच वेळ पट्टा न सोडता बसून राहिली.
मग म्हणाली, "निबंध साडेसहाशे शब्दांचा आहे.
हे लिहिलं तर अठराचे तीस होतील."
लिही, मी म्हटलं.
म्हटलं, आणि छातीत काहीतरी
पुन्हा फळ्यावर चिकटलं.

रात्री तिने लिहिलं. सकाळी पुसलं.
पाठवला तो निबंध शाळेच्या बँडमधल्या
जुन्या ट्रॉम्बोनवर, त्याच्या अडकणाऱ्या नळीवर,
आणि ती मोकळी करताना फुकट गेलेल्या तीन शनिवारांवर.
"ते तुझं आहे, बाबा. मी त्याचे टक्के नाही करणार."
वंशाच्या रकान्यात खूण केली,
धर्माच्या रकान्यात लिहिलं: बौद्ध.
तिकडे कुणाला वाटेल,
ध्यानबिन करत असतील, शांत माणसं असतील.
वाटू दे.

निकाल मार्चअखेर.
काचेच्या कारखान्यात माझी एकवीस वर्षं गेली,
तरी पहाटे ह्या एका काचेपुढे हात बधिर होतात.
बर्फ खरवडतो. आधी एवढीशी खिडकी,
पंजाएवढी,
अठरा टक्के असेल, साधारण.
तेवढ्यातून रस्ता दिसतो का बघतो.
दिसतो.
वाकावं लागतं.